चांगला पाय

मी जनावरांची डॉक्टर आहे आणि घोड्याला घाबरते. नोकरीला लागून वीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी इंदापूर तालुक्यात गेली, आणि एवढ्या काळात ही गोष्ट लपवणं मला अजिबात जड गेलं नाही. आमच्याकडं गाई, म्हशी, शेळ्या. सकाळी गाई भरवायच्या, दुपारी कासेचे आजार, संध्याकाळी कुणाची तरी म्हैस अडलेली. घोडा दिसला तर लग्नाच्या वरातीत, आणि तोवर मी जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिलेली असते.

भीतीचं मूळ कॉलेजात आहे. शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला एक म्हातारा पांढरा घोडा उभा केला होता. परीक्षक म्हणाले, पुढच्या पायाची हाडं हात लावून दाखवा. मी वाकले, तेवढ्यात घोड्यानं मागून माझ्या ॲप्रनचा पट्टा दातात धरला आणि मला जागच्या जागी हिसकलं. लागलं काहीच नाही. पण त्या गडबडीत मी कोपर म्हणून ज्याला हात लावला तो परीक्षकांचा गुडघा होता. त्यांनी मला पास केलं. पुन्हा माझी परीक्षा घ्यायची त्यांची तयारी नसावी.

माझी दुसरी एक गोष्ट मात्र मी कधीच लपवली नाही. उलट जो भेटेल त्याला सांगितली. दवाखान्यातले आमचे परिचर सहा फूट उंच, पांढऱ्या मिशांचे. गोठ्यावर गेलो की शेतकरी माझ्या हातातली बॅग बघतो, तरी त्यांनाच विचारतो, "डॉक्टर कुठं हायत?" परिचर अंगठ्यानं माझ्याकडं दाखवतात. शेतकरी मान हलवतो आणि गाईला काय झालंय ते पुन्हा त्यांनाच सांगायला लागतो. यावर मी वीस वर्षं चिडत आले. बारामतीत एका महिला दिनाच्या कार्यक्रमात मी याच विषयावर पाऊण तास बोलले. समोर बाई उभी असताना तिच्या शेजारच्या पुरुषाशी बोलायची ही सवय कधी जाणार, असं मी विचारलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल मिळाली. ती शाल अजून कपाटात आहे आणि हल्ली मी ते कपाट जरा जपूनच उघडते.

गणपती बोळवून दोन-तीन दिवस झाले असतील. डाळजच्या एका ऊसवाल्या तात्यांचा फोन आला. त्यांच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. मेंढपाळाचं कुटुंब मोरगावकडचं, कोरडवाहू मुलखातलं. त्यांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात, पण त्याला भिंत एकही नसते. काठ्यांवर ताणलेलं एक पाल, तीन दगडांची चूल, मेंढरांभोवती जाळी, आणि हे सगळं एका गावाहून दुसऱ्या गावाला पाठीवरून नेणारी घोडी. तीच घोडी महामार्गाच्या कडेनं येताना गटाराच्या फुटक्या झाकणात पाय अडकून पडली होती.

"मॅडम, पाय टेकवंना झालीया," तात्या म्हणाले. "आन् एक इचारायचं व्हतं. घोड्याचा पाय मोडला की गोळी घालत्यात ना? पिच्चरमदी बघितलंय."

मी म्हणाले, आधी बघू द्या. खरं तर मलाही घोड्याच्या मोडलेल्या पायाबद्दल जे ठळक आठवत होतं ते पिक्चरमधलंच होतं.

गाडीत बसल्या बसल्या मी माझ्या एका वर्गमैत्रिणीला फोन लावला. ती पुण्यात शर्यतीच्या घोड्यांवर उपचार करते आणि मला अजून परीक्षकांच्या गुडघ्यावरून चिडवते. तिनं भराभर सांगितलं. घोडीला एक पाऊलही चालवू नकोस. भरपूर कापूस गुंडाळ, वरून दोन बाजूंनी काहीतरी ताठ बांध. पट्टी टापेपासून सुरू कर आणि मोडल्या जागेच्या वरचा सांधा घेऊनच थांब, मधेच सोडलीस तर तिथं दुसरं मोडेल. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नकोस. आणि शेवटी म्हणाली, "प्लास्टर झाल्यावर मोडक्या पायाकडं कमी बघ. चांगल्या पायाकडं बघत जा. घोडी मरते ती त्या पायानं."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. खाली रेघही ओढली.

घोडी लहानशी होती, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. अंग घामानं भिजलेलं. पुढचा डावा पाय हवेत धरून ती बाकीच्या तिन्हींवर उभी होती. तिच्या तोंडाशी एक बाई उभी होती, तिशी-पस्तिशीची, हातात हिरव्या बांगड्या. घोडीचं डोकं तिनं स्वतःच्या खांद्यावर टेकवून घेतलं होतं. चार पावलांवर तिचा नवरा, डोक्याला लाल पटका, काखेत काठी. मी त्याच्याकडं गेले.

"कधी पडली?"

"व्हय मॅडम," तो म्हणाला. मग मागं बघून घेतलं आणि म्हणाला, "सकाळच्या पारी."

"ताकद लावून उठवली का आपोआप उठली?"

त्यानं पुन्हा मागं बघितलं. बाई हळू आवाजात काहीतरी बोलली. तो मला म्हणाला, "आपल्या आपण उठली."

मला हा माणूस फार समजूतदार वाटला. विचारलेलं नीट ऐकतो, विचार करून उत्तर देतो. असं मी परिचरांना परतताना सांगितलंसुद्धा.

तात्यांच्या गोठ्यामागं पाण्याच्या पाइपचे तुकडे पडले होते. परिचरांनी एक पाइप उभा चिरून दिला. मी घोडीच्या पायाशी बसले. म्हणजे बसायचं ठरवलं, उठले, पुन्हा बसले. शेवटी परिचर म्हणाले, "मॅडम, तिला पाय दुखतोय, ती चावायच्या मनःस्थितीत न्हाय." माझी भीती त्यांना ठाऊक होती हे मला त्या दिवशी कळलं. बाई घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिली आणि मी कापूस गुंडाळत गेले. घोडी हलली नाही. घाम मात्र आता मलाच फुटला होता.

मग बारामतीहून एका खासगी डॉक्टरांनी हातात धरायचं एक्स-रे मशीन आणलं. गुडघ्याखालच्या लांब हाडाला चीर गेली होती, पण हाड जागेवरून सरकलं नव्हतं. कातडी फाटली नव्हती. मैत्रिणीनं फोटो बघून सांगितलं, नशीबवान आहे, वजनानंही हलकी आहे, प्लास्टर कर.

गोळीचा विषय तात्यांनी एकदा परत काढला, बाईच्या समोरच. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "हिची आय माझ्या बानं लग्नात दिल्याली. ही कोकणच्या वाटंवं जन्मली. माझं घर हिच्या पाठीवं असतंय मॅडम." तुळशीची लग्नं उरकली की त्यांना कोकणाकडं निघायचं होतं. घोडी चालली तर सगळे जाणार होते. नाही चालली तर तिला इथंच सोडून जायचं. आणि सोडलेल्या लंगड्या घोडीचं पुढं काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी तिला म्हणाले, काळजी करू नका. मग तिच्या नवऱ्याकडं वळले आणि प्लास्टरबद्दल सविस्तर सांगायला लागले.

प्लास्टर झालं आणि सुरेख झालं. टापेपासून कोपराच्या खालपर्यंत, गुळगुळीत, निळ्या रंगाचं. ट्रकवर माल बांधायचे रुंद पट्टे आणि पोती जोडून पोटाखालून आधार दिला, तो तात्यांच्या गोठ्याच्या लोखंडी पाइपाला टांगला, म्हणजे दमली की घोडी त्यावर अंग टाकू शकेल. तात्यांनी दोन जर्सी गाई बाहेर काढून तिला जागा दिली. मी चार बाजूंनी फोटो काढले. त्यातला सगळ्यात चांगला निवडला, प्लास्टर ठसठशीत दिसावं म्हणून कडेचं कापून टाकलं आणि आमच्या बॅचच्या ग्रुपवर पाठवला. अंगठ्यांची रांग लागली. एकानं लिहिलं, 'घोड्याची सर्जन कधी झालीस?' मी उत्तर देताना विनय दाखवला, पण थोडाच.

दर दोन दिवसांनी मी डाळजला जायला लागले. खरं तर माझी तिथं एवढी गरज नव्हती. पण प्लास्टर बघितलं की बरं वाटायचं. मी टिचकी मारून बघायची, वास घ्यायची, वरच्या काठापाशी बोट घालून बघायची. नवरा मेंढरं घेऊन निघायच्या बेतात असला की त्याला थांबवून मी सूचना द्यायची. घोडीला फक्त वाळलं गवत आणि कडबा. पेंड नाही, दाणा नाही, उसाचं वाढं नाही. चांगल्या पायाची टाप रोज हातानं बघायची, गरम लागली तर लगेच फोन. तो काठी काखेत धरून ऐकायचा. "व्हय मॅडम." मी म्हणायची, समजलं ना? "व्हय मॅडम." मग तो मेंढरांमागं निघून जायचा तो दिवस मावळताना परतायचा. बाई घोडीखालचं शेण काढत असायची, पाणी पाजत असायची, अंगावरच्या माश्या हाकत असायची. ती मधे आली की मी जरा बाजूला सरकायची, म्हणजे तिला काम करता यावं. इतका विचार मी करत होते.

दहाव्या-अकराव्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, हिचा ह्यो पाय हाताला ऊन लागतोय."

तिनं उजव्या पायाच्या टापेवर तळहात ठेवला होता. मी त्या वेळी डाव्या पायाशी होते. प्लास्टरच्या वरच्या काठाला एक बारीक तडा गेल्यासारखा वाटत होता आणि माझा जीव त्यात अडकला होता.

"सगळा भार त्याच्यावर येतोय ना, म्हणून," मी म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही. तडा नव्हता, शेणाची रेघ होती. ती पुसून मी समाधानानं घरी आले.

तीन दिवसांनी तात्यांचा फोन. "घोडी हलंना मॅडम. निसती थरथरतीया."

मी गोठ्यात शिरले. घोडी दोन्ही पुढचे पाय लांब पुढं टाकून, सगळं अंग मागं रेलून उभी होती. नाकपुड्या फुललेल्या. मी चांगल्या पायाला हात लावला. टाप तव्यासारखी तापली होती आणि तिच्या वरच्या बाजूची नाडी माझ्या बोटांवर आदळत होती. एका पायावर सतत भार आला, त्यात पेंडीसारखं जड खाणं पोटात गेलं, की टापेच्या आतला मऊ भाग सुजतो. टाप टणक, आत सुजायला जागा नाही. वेळेत आवरलं नाही तर आतलं हाड सुटून खाली घसरतं, आणि मग खरोखरच पिक्चरमधल्यासारखं करावं लागतं. हे सगळं माझ्या वहीत होतं. रेघ ओढून होतं.

गोठ्याच्या कोपऱ्यात एक घमेलं होतं. त्यात गोळी पेंड.

"ही पेंड कुणी घातली?"

"म्याच दिली," तात्या म्हणाले. "हाड जुळायला ताकद नगं का? गाईला घालतो तसली, चांगल्यातली हाय. रोज येक घमेलं."

नवरा त्या दिवशी मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून थांबला होता. माझा तोल गेला. मी त्याला म्हणाले, मी तुम्हाला किती वेळा सांगितलं? पेंड नाही म्हणाले होते की नव्हते? टाप रोज बघा म्हणाले होते की नव्हते? तुम्ही दर वेळी व्हय म्हणालात.

"व्हय मॅडम," तो म्हणाला.

"मग?"

त्यानं काखेतली काठी काढून हातात घेतली. मग अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, आमच्यात घोडी बायकांची असती. वझं त्याच भरत्यात, त्याच उतरवत्यात. चारा-पानी बी त्यांचंच. आमी मेंढरामागं. मी तर जल्मात हिच्या टापंला हात लावला न्हाय."

"मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी मलाच सांगत व्हता. येवढ्या शिकल्याल्या मान्साला मधीच कसं तोडायचं?"

मी बाईकडं वळले. आता वाटतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पूर्ण वळले असेन. ती घोडीच्या मानेला हात लावून उभी होती.

"तुम्हाला यांनी काहीच सांगितलं नाही?"

"त्येंनी सांगितलं, मॅडम म्हनत्यात घोडीकडं बघ. म्या बघत व्हते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला झेपेना. "पाय ऊन लागतोय म्हणून म्या तुमास्नी सांगितलं व्हतं. तुमी म्हनला, भारानं व्हतंय."

परिचर माझ्या मागं उभे होते.  त्यांनी मिशीवरून हात फिरवल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि मला बारामतीतली ती शाल आठवली. मला लाज वाटली. थोडीफार नाही, चांगली गळ्यापर्यंत वाटली. वीस वर्षं मी ज्या माणसांना नावं ठेवत आले त्यातला एकही माझ्याइतका पुढं गेला नव्हता. ते निदान जनावर माझ्या ताब्यात द्यायचे.

मैत्रिणीला फोन केला. तिनं मला शिव्या दिल्या, त्या योग्यच होत्या. मग म्हणाली, पाय थंड ठेव, रात्रंदिवस. खाली भरपूर मऊ काहीतरी टाक. पेंड बंद. आणि टापेच्या तळव्याला आधार बांध. या वेळी मी फोन स्पीकरवर टाकला आणि बाईच्या हातात दिला. मैत्रीण दोन मिनिटं बोलली. बाईनं तीन प्रश्न विचारले. ते तिन्ही मला सुचले नव्हते.

पुढचे दहा दिवस त्या गोठ्यात काय काम चाललं ते मी फक्त बघितलं असं म्हणणं जास्त खरं होईल. बर्फ भिगवणच्या मासळी बाजारातून यायचा. मासळीवाल्यांना घोडीची गोष्ट कळल्यावर ते आमच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. त्यामुळं घोडीच्या पायाला सतत चिलापीचा वास येत होता आणि गोठ्याबाहेर मांजरांनी मुक्काम ठोकला होता. बाईनं गोठ्याची जमीन वीतभर खणली आणि पळसदेवकडची, धरणाच्या पाण्याकाठची बारीक वाळू आणवून त्यात भरली. ती रोज चाळायची, खडा राहिला नाही ना बघायची, ओली करायची. टापेखाली काय बांधायचं यावर मी पुस्तक उघडून बसले होते. तिनं मेंढीच्या लोकरीच्या जुन्या घोंगडीचा तुकडा घडी करून, तळव्याच्या मधल्या भागाला टेकेल असा कापला, बांधला आणि मला विचारलं, "असंच हाय का तुमच्या पुस्तकात?" पुस्तकात तसंच होतं, फक्त लोकर नव्हती.

तात्यांना आपल्या पेंडीचं फार लागलं. ते रोज दारात येऊन उभे राहायचे आणि काही न देता परत जायचे. माझ्या चुकीपुढं त्यांची चूक काहीच नव्हती, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं. जरा लवकरच पटलं असं मला वाटलं.

पाचव्या दिवशी बाई म्हणाली, "आज कमी हाय." मी हात लावून बघितला. मला फरक कळेना. सातव्या दिवशी मलाही कळला. दहाव्या दिवशी घोडीनं पुढचे पाय अंगाखाली घेतले, पट्ट्यांवर अंग सैल सोडलं आणि ती उभ्या उभ्या झोपली. घोडी झोपलेली बघून मी आणि ती बाई बाहेर येऊन ओट्यावर बसलो. ती म्हणाली, "तुमी घोडीला भेता, व्हय ना?" मी व्हय म्हणाले. ती हसली. "पैल्या दिवशीच कळलं मला. घोडीला बी."

प्लास्टर एकदा बदललं, मग दिवाळीनंतर काढलं. एक्स-रेमध्ये चीर भरून आली होती. चांगला पाय टिकला होता. पण टिकला म्हणजे वाचला, कोकणात उतरून परत येण्याजोगा झाला असं नाही. मैत्रीण म्हणाली, माझ्याकडं असती तर अजून तीन महिने उभी ठेवली असती. पण मेंढरं तीन महिने थांबत नाहीत. रानं नांगरायला आली होती, चारा संपला होता, आजूबाजूचे वाडे हलले होते.

निघायच्या सकाळी मी डाळजला गेले. पाल उतरलं होतं. भांडी, जाळी, कोकरांची झोळी, सगळं जमिनीवर मांडून ठेवलेलं. या वेळी मी नवऱ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम ठरवून बघितलं नाही. सरळ तिला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? चालेल?"

 तिनं घोडीच्या दोन्ही पुढच्या पायांवरून हात फिरवला, आधी उजव्या, मग डाव्या. टापा उचलून बघितल्या. दहा पावलं चालवली, वळवली, परत आणली. डाव्या पायात अजून जरा ओढ होती. मग म्हणाली, "चालंल. पन यंदा वझं न्हाय घालायचं. जाऊ आलीया संगट, तिच्या घोडीवं अर्धं, बाकीचं माझ्या डोस्क्यावं. दिसाला दोन कोस, आन् घाटाआदी चार दिस थांबायचं."

माझ्याकडं आणखी काही सांगण्यासारखं नव्हतं. तरी मी दोन वाक्यं सांगितलीच, तिनं ती ऐकून घेतली.

मग तिनं एक कोंबडी उचलली, पायाला दोरा बांधला आणि घोडीच्या मोकळ्या पाठीवर घोंगडीवर बसवली. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "अगदीच रिकामी न्यायची न्हाय. तिला वाटंल आपलं काम संपलं." कोंबडी दोनदा फडफडली आणि बसली. घोडीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. मला एकदम रडू आलं आणि मी ते लपवायला बॅगेत उगाच काहीतरी शोधत बसले.

मी एक फोटो काढला. त्यात घोडी चारही पायांवर होती, कोंबडी होती, आणि कासरा धरून ती बाई. गाडीत बसून तो मैत्रिणीला पाठवला. तिचं उत्तर आलं, 'मस्त. पण पाय नीट दिसत नाही, बाई मधे आलीय. क्रॉप करून पाठव.' मी जुने फोटो काढून बघितले, ग्रुपवर टाकण्याआधीचे, न कापलेले. चारही फोटोंत कडेला हिरव्या बांगड्यांचा एक हात होता. पाठवलेल्या फोटोत तो नव्हता, आणि घोडीचा उजवा पायही नव्हता.  नवीन फोटो होता तसा राहू दिला.

त्यानंतर महिनाभर मला झोपताना घाट दिसायचा. दवाखान्यात कुणी 'डॉक्टर कुठं हायत' विचारलं तर मी गप्प बसायला लागले, त्यामुळं परिचरांना माझ्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. वाड्याचा नंबर माझ्याकडं होता, नवऱ्याच्या फोनचा. लावायचा धीर होत नव्हता. घोडी कुठल्यातरी वळणावर बसली आणि उठली नाही, एवढंच मला ऐकू येईल असं वाटायचं.

एक दिवस दुपारी, म्हशीच्या पोटात माझा हात असताना, तोच नंबर वाजला. परिचरांनी फोन माझ्या कानाला लावला. मी घाबरले, आणि घाबरले की मी जे करते तेच केलं.

"हां, बोला, काय झालं? पाय सुजलाय का? हे बघा, तुम्ही आधी एक करा, तिला चालवू नका, आणि घरात मंडळींना सांगा की टापेला हात लावून—"

 पलीकडं मेंढरं ओरडत होती. मग आवाज आला.

"मॅडम, मीच बोलतीया."

मी थांबले. म्हशीच्या पोटातला हातही थांबला.

"सांगू का आता?" तिनं विचारलं.

"सांगा," मी म्हणाले.

"उतरली घाट. काल उतरली. दोनी पाय गार हायत."